मानी की सूडबुद्धीचे? ह्युएनत्संगाची सोळा अक्षरं आणि त्यांचं इंग्रजी

दौतटाक

चिनी प्रवासी ह्युएनत्संग महाराष्ट्राबद्दल काय म्हणाला, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना तोंडपाठ असतं. इथले लोक मानी, उपकार विसरत नाहीत, अपमान केला तर सोडत नाहीत वगैरे. नववीत वक्तृत्व स्पर्धेत मीही ते ठोकून दिलं होतं आणि उत्तेजनार्थ बक्षीस पटकावलं होतं.

आता झालंय असं की एका ओळखीच्या गृहस्थांना छोट्याशा प्रदर्शनाच्या फलकासाठी हे वाक्य इंग्रजीत हवंय. पंचवीस शब्दांच्या आत. 'तुला चिनी येतं ना, मग मूळावरूनच कर' असं म्हणाले. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. तीन आठवडे झाले.

मूळ ग्रंथ म्हणजे त्याचं तांग काळातलं प्रवासवर्णन. तो ६४५ मध्ये मायदेशी पोचला आणि ६४६ मध्ये शिष्य ब्येनजी याच्याकडून त्यानं हे लिहून घेतलं. अकराव्या भागात 'मोहोलाचा' देश येतो, म्हणजे आपण. राजा पुलकेशी. देशाचा घेर सहा हजार ली (एक ली म्हणजे अंदाजे अर्धा किलोमीटर). जमीन कसदार, हवा उष्ण, आणि मग ही सोळा अक्षरं:

छी शिंग वेइदा, छी शिंग आओयी,
यौ एन बी बाओ, यौ युआन बी फू.

(उच्चार आजचे आहेत, तांग काळात वेगळे होते. आणि दोन्ही 'शिंग' वेगळे. पहिला म्हणजे आकार, बांधा. दुसरा म्हणजे स्वभाव. अक्षरही निराळं, सूरही निराळा.)

शब्दाला शब्द ठेवला तर:
त्यांचा – बांधा – थोर, त्यांचा – स्वभाव – आओयी,
असला – उपकार – हमखास – फेड, असलं – वैर – हमखास – परत.

चार-चार अक्षरांचे चार ठोके. लेझीमसारखे.

आता सॅम्युएल बीलचं १८८४ चं इंग्रजी बघा, देवनागरीत देतो: 'टॉल ऑफ स्टेचर, अँड ऑफ अ स्टर्न, व्हिंडिक्टिव्ह कॅरेक्टर. टु देअर बेनिफॅक्टर्स दे आर ग्रेटफुल. टु देअर एनिमीज रिलेंटलेस.' व्हिंडिक्टिव्ह! म्हणजे सूडबुद्धीचे, डूख धरणारे. 'आओ' म्हणजे मानी, ताठ. 'यी' म्हणजे मोकळा, बंधन न मानणारा, कधी सुखासीन, कधी इतरांहून सरस. सूड या दोन अक्षरांत कुठेच नाही. सुडाची गोष्ट पुढच्या ओळीत आहे, ती बीलनं आधीच इथे ओतली आणि एक वाईट गुण तयार झाला.

याच प्रवासवर्णनावरचा थॉमस वॉटर्सचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १९०४-०५ मध्ये आला. त्यात 'प्राउड-स्पिरिटेड अँड वॉरलाइक' आहे. 'मानी' परत मिळालं, पण 'लढाऊ' कुठून आलं? तेही या दोन अक्षरांत नाही.

आणखी एक खोच. मुळात 'बाओ' आणि 'फू' ही करणी आहे: फेडतात, परत करतात. बीलच्या इंग्रजीत तिथे विशेषणं आली, ग्रेटफुल आणि रिलेंटलेस. लोक काय करतात हे मूळ सांगतं. लोक कसे आहेत हे इंग्रजी सांगतं. हा फरक मला खुपतोय, आणि पंचवीस शब्दांत तो कसा बसवावा ते कळत नाहीये. मदत करा.

उंटावरून

रुमाल टाकून ठेवतो.

अवांतर: महाराष्ट्रातले लोक डूख धरत नाहीत हे आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत वाचून दाखवू का?

तिरकस

बीलला झोडपणं सोपं आहे. हा माणूस ब्रिटिश नौदलात धर्मोपदेशक होता, चीनच्या युद्धात जहाजावर असताना भाषा शिकला, पुढे लंडनला चिनीचा प्राध्यापक झाला. हाताशी कोश आणि बौद्ध संज्ञांच्या सूची आजच्या मानानं तुटपुंज्या. त्याच्याआधी फक्त ज्युलियाँचं फ्रेंच भाषांतर होतं, १८५७-५८ चं. तुम्ही आज मोबाइलवर अक्षर बोटानं रेखाटता आणि दोन हजार वर्षांचे दाखले समोर येतात.

दुसरं, ज्युलियाँचं ते भाषांतर हातात धरून पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमनं उत्तरेतली कितीतरी बौद्ध स्थळं शोधली. भाषांतर उपयोगी पडायला निर्दोष असावं लागत नाही.

तिसरं, 'यी'ला तुम्हीच चार अर्थ दिलेत. मग बीलनं पाचवा दिला तर बिघडलं काय?

दौतटाक

तिरकस, पहिले दोन मुद्दे मान्य. तिसरा नाही. चार अर्थ आहेत म्हणून पाचवा चालतो, असं नाही ना. घराला चार दारं आहेत म्हणून भिंतीतून आत शिरायचं का?

बीलच्या बारीक कौशल्याचाही आणि घसरण्याचाही नमुना देतो. पुढचं वाक्य असं आहे: वैर उगवायचं झालं तर आधी कळवतात, प्रत्येक जण भक्कम चिलखत घालतो, 'मग झंग-फंग'. झंग म्हणजे चढाओढ करणं. फंग म्हणजे शस्त्राचं टोक, धार. दोन्ही मिळून अर्थ होतो भिडणं, सरशीसाठी झुंजणं. बीलनं लिहिलं, 'भाल्यांनी एकमेकांवर तुटून पडतात'. भाला आला तो त्या 'टोका'तून. आपल्याकडे 'दोन हात करणे' म्हणतात, तिथे परक्या माणसानं हात मोजावेत तसं. आणि चिलखत मात्र गेलं! त्याच्या इंग्रजीत नुसतं 'आर्म्ड' आहे.

शेवंती

मी चिनी जाणत नाही, संस्कृत शिकवते. पण ही सोळा अक्षरं वाचून घरी आल्यासारखं वाटलं. विभक्ती नाही, काळ नाही, वचन नाही, शब्द नुसते शेजारी बसवलेत आणि नातं वाचणाऱ्यानं जोडायचं. हा तर समास. पीतांबर म्हणजे पिवळं वस्त्र की ते नेसणारा, हे संदर्भच ठरवतो. सूत्रवाङ्मयातही तेच. पाणिनीच्या सूत्रात क्रियापद शोधायला गेलात तर हात हलवत परत याल; आधीच्या सूत्रातून शब्द ओढून आणायचे, अनुवृत्ती करायची. म्हणून तर भाष्य लागतं. चिनी लोकांकडेही मूळ ओळीखाली टीका लिहायची परंपरा आहे ना?

मग माझी शंका: बीलनं जे केलं ते भाषांतर नसून भाष्य आहे का? इंग्रजी वाक्याला कर्ता लागतो, काळ लागतो. ते घालताना तो टीकाकार झालाच.

दौतटाक

शेवंतीताई, अगदी. टीका तर आहेच, ओळीच्या मधोमध बारीक अक्षरांत छापलेली असते. आणि जुन्या मजकुरात विरामचिन्हंही नसत. वाक्य कुठे तुटतं हेसुद्धा वाचणाऱ्यानं ठरवायचं. याचा माझा लाडका किस्सा कन्फ्यूशियसच्या तबेल्याचा.

'वचनसंग्रहा'च्या दहाव्या प्रकरणात आहे. तबेला जळाला. गुरुजी दरबारातून परतले, म्हणाले, 'शांग रन हु?' म्हणजे माणसांना इजा झाली का? पुढे तीन अक्षरं: 'बु वन मा'. नाही – विचारलं – घोडे. म्हणजे घोड्यांबद्दल विचारलं नाही. जेम्स लेगचं एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी हेच सांगतं, आणि रूढ अर्थही हाच: माणूस आधी, मालमत्ता नंतर.

पण पूर्णविराम एक अक्षर पुढे सरकवा. 'माणसांना इजा झाली का?' 'नाही.' मग घोड्यांची चौकशी केली. एकही अक्षर न बदलता गुरुजी प्राणिमित्र झाले! हे वाचन आजच्या प्राणिप्रेमींनी काढलेलं नाही. असं तोडणारेही आहेत अशी नोंद तांग काळाच्या सुरुवातीच्या लू दमिंग या विद्वानानं केली आहे.

चिनी वाचक दोन्ही शक्यता मनात ठेवून पुढे जाऊ शकतो. इंग्रजीत अवतरणचिन्ह कुठे तरी बंद करावंच लागतं.

उंटावरून

'ध' चा 'मा' करायला आनंदीबाईंना (म्हणतात तसं) एक अक्षर तरी बदलावं लागलं. इथे तेवढाही त्रास नाही.

खारे_वारे

तैपेईहून. धागा वाचून राहवलं नाही.

कर्त्याचा मुद्दा निघालाच आहे तर वांग वेइची ती प्रसिद्ध चार ओळींची कविता घ्या. आठव्या शतकातली, अवघी वीस अक्षरं. पहिली ओळ: 'खुंग शान बु ज्येन रन'. रिकामा – डोंगर – नाही – दिसणं – माणूस. इंग्रजीत इथेच ठेच लागते. 'आय सी नो वन' म्हटलं की रिकाम्या डोंगरात एक 'मी' उभा राहतो, डोंगर रिकामा उरतच नाही. 'नो वन इज सीन' म्हटलं की पोलीस पंचनामा. इंग्रजीत या कवितेची डझनावारी भाषांतरं आहेत आणि बहुतेकांत हा 'मी' कुठून तरी डोकावतोच.

आता मराठीत म्हणा: 'रिकाम्या डोंगरात माणूस दिसत नाही.' झालं! कुणाला दिसत नाही? विचारायची गरजच नाही. आपल्या 'दिसणे'ला पाहणारा लागत नाही. दुसरी ओळ, 'दान वन रन यु श्यांग': 'ऐकू येतो तो फक्त बोलण्याचा आवाज.' 'ऐकू येणे'लाही ऐकणारा लागत नाही. इंग्रजीवाल्यांनी ज्या जागी शंभर वर्षं डोकं आपटलं तिथून आपण चपला हातात घेऊन ओढा ओलांडावा तसे पार.

पण चौथ्या ओळीत आपलीही विकेट पडते. परतीचा उजेड रानात शिरतो आणि 'पुन्हा उजळतं हिरवं शेवाळ शांग'. हा शांग एका सुरात वाचला तर 'वर', दुसऱ्या सुरात वाचला तर 'चढणं'. उजेड शेवाळावर पडतो की शेवाळावरून वर चढतो? मराठीतही एक काहीतरी निवडावं लागतं.

जाता जाता: वांग वेइचं दुसरं नाव मोज्ये. पुढे मागे जोडा: वेइमोज्ये. म्हणजे विमलकीर्ती, ज्याच्या नावाचं बौद्ध सूत्र आहे तो! चिनी बौद्ध ग्रंथांत विमलकीर्तीचं लिप्यंतर हेच आहे. नावातच सूत्र लपवलेला कवी. आणि या कवितेच्या शीर्षकात हरणांचं कुंपण आहे. ते वाचून सारनाथचं मृगदाव आठवावं अशी त्याची इच्छा होती का, यावर इथले लोक चहाबरोबर तासन्‌तास बोलतात.

तिरकस

'दिसत नाही' हे सुरेख. मागे घेतो माझा अर्धा प्रतिसाद.

बोरूबहाद्दर

मी पोटासाठी भाषांतर करतो, करारनामे आणि माहितीपत्रकं. चिनी येत नाही, पण गिऱ्हाइकाचा फोन येतो तो कुठल्याही भाषेत सारखाच असतो: 'आमच्या लोकांना कळेल असं करा.'

चिनी चार-अक्षरी म्हणी पाहिल्या तर इंग्रजीपेक्षा आपलं त्यांच्याशी जास्त जमतं असं दिसतं. गाईपुढे वीणा वाजवणे. आपली 'गाढवापुढे वाचली गीता' तयारच. विहिरीतला बेडूक तर झ्वांग-झ या प्राचीन चिनी ग्रंथातही आहे आणि आपल्याकडे कूपमंडूक म्हणूनही आहे, उचलून ठेवायचा नुसता. इंग्रजाला मात्र बेडूक कोण, विहिरीत का, सगळं समजावून सांगावं लागतं.

पण सावध राहावं. गिऱ्हाइकाला खूश करायला गाढव आणि गीता घातली की वाचकाला वाटतं चिनी माणूस गीता वाचत होता. सापाला पाय काढण्याची म्हण घ्या. चित्र आधी पुरं केलं म्हणून एकानं फुशारकीनं सापाला पाय काढले आणि पैजेची दारू घालवली. इंग्रजीत तिथे 'गिल्ड द लिली' (लिलीच्या फुलाला सोन्याचा मुलामा) ठेवतात. सापही गेला, पायही गेले, दारूही गेली. मग उरलं काय?

तिरकस

आणि उलटा व्यवहारही होतो. मुळात चिनीत नसलेलं चिनी म्हणून खपवायचं. 'तुम्हाला रंजक काळात जगणं लाभो' हा 'प्राचीन चिनी शाप' भल्याभल्यांच्या भाषणात असतो. चिनीत तो कुणाला सापडलेला नाही. विसाव्या शतकात इंग्रजांच्या राजकारणी वर्तुळात तो फिरत होता. जवळपास जाणारी एक ओळ १६२७ च्या कथासंग्रहात आहे: अंदाधुंदीतला माणूस होण्यापेक्षा शांततेतलं कुत्रं व्हावं. ती जास्त चांगली आहे, पण कपावर छापायला कुत्रं कोण घेणार?

'हजार मैलांचा प्रवास एका पावलानं सुरू होतो' हे निदान प्राचीन चिनी तत्त्वज्ञ लाओ-झचं आहे, चौसष्टावं प्रकरण. पण तिथे हजार ली आहेत, म्हणजे मुंबईहून कोल्हापूरच्या थोडं पुढे. इंग्रजीनं तिकीट बरंच लांबचं काढलं. आणि मुळात 'पाऊल' नसून 'पायाखाली' आहे: सुरुवात पायाखाली होते. पाऊल उचलायच्या आधीच.

दौतटाक

लाओ-झ निघालाच तर एक सांगतोच. त्याच्या ग्रंथाची पहिली ओळ 'दाओ ख दाओ, फेइ छांग दाओ'. दाओ – शक्य – दाओ, नव्हे – छांग – दाओ. सहा अक्षरांत तीन दाओ. लेगनं १८९१ मध्ये मधला दाओ 'पायाखाली तुडवता येणारा' असा घेतला, इतर बहुतेकांनी 'बोलता येणारा', कारण दाओ म्हणजे वाटही आणि बोलणंही. आणि 'छांग'वर, म्हणजे नित्य की शाश्वत यावर, रकाने भरले गेले. १९७३ मध्ये मावांगद्वेइच्या थडग्यात रेशमावर लिहिलेल्या प्रती सापडल्या, तर तिथे 'छांग' नाहीच, 'हंग' आहे! हान सम्राट वनचं नाव ल्यू हंग. सम्राटाचं नाव लिहायला बंदी, म्हणून लेखनिकांनी समानार्थी 'छांग' बसवला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून 'अहो' म्हणण्यातला प्रकार. पिढ्यान्‌पिढ्या भाषांतरकार त्या 'अहो'चं तत्त्वज्ञान शोधत राहिले.

शेवंती

'अहो'वर पाच मिनिटं हसले.

सगळ्यांत गंमत म्हणजे ज्याच्या वाक्यावर आपण भांडतोय तो स्वतः भांडून थकलेला भाषांतरकार होता. परतल्यावर उरलेलं आयुष्य त्यानं संस्कृत ग्रंथ चिनीत आणण्यात घालवलं. कुठले शब्द भाषांतरित करायचे नाहीत याचे पाच प्रकार त्याच्या नावावर सांगितले जातात. उदाहरणार्थ 'भगवत्', कारण एका शब्दात अनेक अर्थ. जंबू वृक्ष, कारण चीनमध्ये तो नाहीच. 'प्रज्ञा', कारण चिनी प्रतिशब्द हलका पडतो. असे शब्द नुसते उच्चारानं उतरवायचे.

त्याच्या दोनशे वर्षं आधीचा भाषांतरकार कुमारजीव तर म्हणून गेला की संस्कृत चिनीत आणणं म्हणजे चावलेला भात दुसऱ्याला भरवणं. चव तर जातेच, वर मळमळतं.

पाणपोई

नेहमी फक्त वाचते, आज लिहिते. मग ह्युएनत्संगाचाच नियम त्याला लावा की. 'आओयी'त अनेक अर्थ आहेत ना? तसंच ठेवा फलकावर.

दौतटाक

पाणपोई, स्वागत! मोह झाला होता. पण फलकासमोर शाळेची सहल उभी असणार. 'आओयी' वाचून पोरं दिवसभर एकमेकांना तीच हाक मारतील.

खारे_वारे

त्याच उताऱ्यात पुढे आहे ते विसरू नका. सेनापती हरला तर शिक्षा नाही, फक्त बायकांचे कपडे देतात, आणि तो अपमान सोसवत नाही म्हणून जीव देतो. मुळात सोळा अक्षरं. इंग्रजीत ते परदेशातली विचित्र चाल वाटतं. मराठी माणसाला मात्र भाषांतर लागतच नाही: 'बांगड्या भर!'

पाणपोई

ते नाही लावलं फलकावर तरी चालेल. बांगड्या भरून आम्ही बरंच काही करतो.

खारे_वारे

मान्य, मान्य. _/\_

शेवंती

मूळ प्रश्नाकडे या. मराठीतून पायरी करून बघा. 'एन'ची आणि 'युआन'ची, दोन्हींची परतफेडच होते आपल्याकडे. उपकाराची परतफेड, अपमानाची परतफेड. एकच शब्द दोन्हीकडे.

दौतटाक

हा विचार केला होता. चिनीतही 'बाओ' एकटा दोन्हीकडे चालला असता, उपकार फेडण्यालाही आणि सूड घेण्यालाही. पण त्यानं मुद्दाम दोन वेगळी क्रियापदं घेतलीत. तेव्हा दोनच हवीत, पण विशेषणं नकोत. 'उपकार झाला तर फेडणार, वैर झालं तर उगवणार.' अडलंय ते अजून आओयीवर. 'मानी' झालं, पण 'यी'? मोकाट म्हटलं की गुरं आठवतात. स्वच्छंदी म्हटलं की कवी.

बोरूबहाद्दर

रगेल.

दौतटाक

...

उंटावरून

बोरूबहाद्दर एका शब्दात सामना जिंकून पॅव्हेलियनमध्ये परतले.

शेवंती

मानी आणि रगेल! त्यात लढाई नाही, सूड नाही, नुसती रग आहे. आवरून न आवरणारी. फार छान.

तिरकस

छानच. आता 'रगेल'चं इंग्रजी सांगा.

दौतटाक

सांगतो, दोन रात्री घालवल्यात. हे पाठवलं, देवनागरीत देतोय: 'बिग-बिल्ट, प्राउड, हार्ड टु रेन इन. अ काइंडनेस, दे रिपे. अ राँग, दे रिटर्न.' 'रेन इन'मध्ये लगाम आहे, म्हणजे मुळात नसलेला घोडा मीही घुसवलाच. बीलसाहेब, माफी असावी. शिवाय 'दे' दोनदा आलाय. त्याला इलाज सापडला नाही.

दौतटाक

आज उत्तर आलं. वाक्य आवडलं म्हणाले. फक्त 'दे'च्या जागी 'द मराठाज' घालता येईल का, असं विचारलंय. मुळात तिथे कुणीच नाही, आणि देशाचं नाव मोहोलाचा आहे, असं कळवलंय. बघू.